काकांची यादी, काकूंचं मॉडरेशन

"बोर्डाच्या पोरांनासुद्धा माझ्या लाल पेनाची एवढी धास्ती नव्हती, जेवढी ह्यांना वाटायला लागली," असं म्हणून काकूंनी कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवली. काकूंची कोपरं टेकली की अर्धा तास गेला समजायचं. मी आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद करून आले.

विषय होता काकांच्या वहीचा. काका जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, त्यामुळे कुठंही गेले तरी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. काकूंनी जन्मभर मराठी शिकवलं आणि कित्येक उन्हाळे दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या मॉडरेटर म्हणून काढले. लेक-जावई जर्मनीत आखेनला असतात. तिथून कोलोन रेल्वेनं तासाभरावर, बेल्जियमची हद्द तर गावाला लागूनच. दोघं तिकडे जाऊन आले हे आख्ख्या कॉलनीला माहीत होतं. काका तिथून बिअरच्या गुणांची वही भरून घेऊन आले, ही बातमी मात्र ताजी होती.

"चर्च बघायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे दुखायचे. मी आत, हे बाहेर बाकावर. आणि बिअरच्या कारखान्यात तळघरापर्यंत पायऱ्या उतरले, तेव्हा गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. प्रत्येक गावची बिअर प्यायची, दहापैकी गुण द्यायचे आणि शेवटी पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढायचे, असं ठरवूनच निघाले होते. लांबलचक हिशेबाची वही नेली होती घरून."

"आणि काकू, तुम्ही?" मी आवाज खाली केला. मागं व्हरांड्यात सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"मी घोटभर. मॉडरेटरला आख्खा गठ्ठा तपासावा लागत नाही गं. नमुन्याला चार पेपर काढायचे आणि तपासणाऱ्याचा हात सैल आहे की आखडता ते बघायचं."

"घोट म्हणजे केवढा?" व्हरांड्यातून प्रश्न आला. सासूबाईंना एरवी कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

"तीर्थाएवढा हो, वहिनी!" काकूंनी मान उंचावून सांगितलं आणि मला डोळा मारला. "नाशिकचे लोक आम्ही. वाईनच्या गावात राहून बिअरचं काय कौतुक, असं मीही म्हणत होते. पण ऐक तर खरं."

सुरुवात कोलोनची. मोठ्या चर्चच्या आसपास जुन्या बिअरच्या खानावळी आहेत, तिथं जावयानं नेलं. काकांनी बसल्या बसल्या पाकिटातून कागद काढून टेबलावर ठेवला. कुठला कागद? तर महाराष्ट्र सरकारचा दारू पिण्याचा आजन्म परवाना! १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं आपल्याकडे प्यायला परमिट लागतं. बारमध्ये आजवर कुणी विचारलं नसलं, तरी काका ते रीतसर काढून जवळ बाळगतात. जावयानं हळूच तो कागद परत पाकिटात घातला.

"मी विचारलं, इथं वयाची अट किती? तर म्हणे बिअरला सोळा! आपल्याकडे बिअरला एकवीस, कडक दारूला पंचवीस. मी म्हटलं, अरे देवा, म्हणजे दहावीचा निकाल लागला की पोरगं मोकळं! शेजारच्या टेबलावर खरोखरच तसलं एक पोर आजोबांबरोबर बसलं होतं. आणि काय सांगू, बापड्याचं वागणं आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं होतं."

कोलोनच्या बिअरचं नाव क्योल्श. फिकट सोनेरी, हलकी, आणि मिळते जेमतेम २०० मिलिच्या उंच, अरुंद ग्लासात. हिचा फेस लवकर बसतो आणि चव उतरते, म्हणून ग्लास लहान आणि फेऱ्या जास्त. निळा एप्रन बांधलेल्या वाढप्याला तिथं क्योबेस म्हणतात. हातात गोल कडीचा ट्रे, त्यात गोलाकार खोचलेले भरलेले ग्लास. तुमचा रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. नको असेल तर चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. ती ठेवेपर्यंत पुरवठा चालू.

"ह्यांना लहानपणापासून शिकवण, पानात टाकायचं नाही. समोर आलं की संपवायचं. संपवलं की तो आणखी आणतोय. चकतीचं जावयाच्या लक्षात येईपर्यंत रेघांची रांग लागली होती. मग वहीत लिहिलं, क्योल्श, दहापैकी साडेआठ. मी विचारलं, कितव्या ग्लासाला दिले हे गुण? आठवेना! म्हटलं, हा पेपर रद्द. गुण पहिल्या ग्लासाला द्यायचे, तेही अर्धा संपायच्या आत. पुढचे आनंदाचे, त्यांना गुण नाहीत."

मला हे एकदम पटलं. आमचे हे तर तिसऱ्या पाइंटनंतर कुठल्याही बिअरला भारतरत्न देतील.

"क्योल्श हे नाव वाटेल त्याला लावता येत नाही बरं," काकू पुढं सांगू लागल्या. कोलोनच्या कारखानदारांनी १९८६ साली आपसांत करार करून ठरवलं, की क्योल्श कशी असायची, कुठं बनायची आणि कसल्या ग्लासात द्यायची. पुढे १९९७ मध्ये युरोपीय संघानंही त्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. तिथून चाळीसेक किलोमीटरवर ड्युसेलडॉर्फ. तिथली बिअर आल्ट, तांबूस तपकिरी आणि चांगलीच कडवट. दोन्ही गावांत जुनी खुन्नस. कोलोनमध्ये आल्ट मागितली तर वाढपी ऐकू न आल्यासारखं करील आणि ड्युसेलडॉर्फात क्योल्श मागितली तरी तेच. गंमत म्हणजे दोन्हीही जुन्या रीतीच्या, उबेत आंबणाऱ्या यीस्टनं केलेल्या आणि नंतर थंडीत मुरवलेल्या. म्हणजे भांडण सख्ख्या भावंडांचं.

"ह्यांनी आल्टला सहा दिले. शेरा काय, तर 'कडू'. मी म्हटलं, कडू व्हायचंच होतं तिला. तुम्ही बिअरला गुण देताय की स्वतःच्या सवयीला?"

इथं काकूंनी कोपरं उचलून पुन्हा टेकवली. मुद्द्यावर आल्या की त्या असं करतात.

खरी ठिणगी पडली बांबेर्गला. बव्हेरियाच्या उत्तरेचं हे जुनं गाव, नदीच्या मधोमध नगरपालिकेची इमारत, सगळं गावठाणच १९९३ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथं श्लेंकेर्ला नावाच्या खानावळीत मिळते राउखबिअर, म्हणजे धुरकट बिअर. बिअर करायला जवाला मोड आणून तो वाळवावा लागतो. पूर्वी तो सरपणाच्या धगीवरच वाळवत, त्यामुळे सगळीकडच्या बिअरला थोडाफार धूर लागायचाच. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला. बांबेर्गच्या एकदोन घरांनी मात्र बीच झाडाच्या लाकडावर जव वाळवायचं सोडलं नाही.

"ह्यांनी घोट घेतला आणि तोंड असं केलं! म्हणाले, काहीतरी जळलंय. आजूबाजूचे लोक धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा वास म्हणतात त्याला. तो मला काय ठाऊक? मी नाकाशी ग्लास धरला आणि मला आठवलं आजोळी चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं वांगं, भरीत व्हायच्या आधीचं. अगदी तोच वास. काळपट तांबडी, वास धुराचा, पण चव खाली गोडसर. ह्यांनी दिले दोन. मी लाल पेन काढलं आणि त्याचे आठ केले."

"अहो काकू, एकदम सहा गुणांचा फरक?"

"मग! दहावीच्या पेपरात एवढा फरक पडला असता तर तपासणाऱ्याला बोलावून घेतलं असतं समोर. मी ह्यांना विचारलं, धुराची बिअर म्हणून दिली, धुराची लागली, मग गुण कशाचे कापले? तर म्हणे, मला आवडली नाही. म्हटलं, 'आवडली नाही' हा शेरा झाला, गुण नव्हे. त्या गावचे लोकच सांगतात, पहिल्या ग्लासाला ही नकोशी वाटते, तिसऱ्याला जमते. ह्यांनी पहिला अर्धा टाकून दिला. आयुष्यात पहिल्यांदा पानात टाकलं!"

रात्री लेकीनं परीक्षकांचा खरा तक्ता काढून दिला. अमेरिकेत बिअरच्या परीक्षकांची संघटना आहे, तिची गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला बारा, दिसण्याला तीन, चवीला वीस, तोंडात कशी लागते, जड की हलकी, त्याला पाच, आणि एकंदर परिणामाला दहा.

"दिसण्याला पन्नासात फक्त तीन!" काकूंचा चेहरा फुलला. "लग्नाच्या बाजारात हाच तक्ता लावला असता तर किती पोरींचं भलं झालं असतं. आणि ऐक, मुख्य अट काय, तर आधी जात ठरवायची. म्हणजे प्रकार गं. ही आल्ट आहे ना, मग आल्ट कशी असायला हवी त्याचं वर्णन समोर ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघायचं. आल्टची तुलना क्योल्शशी करायचीच नाही. म्हणजे मी बांबेर्गला जे बोलले तेच!"

बिअरचे असे प्रकार पाडून जगभरचा पसारा मांडला तो मायकेल जॅक्सननं, हे काकांनी त्यांना सांगितलेलं. मी दचकले, "नाचणारा?"

"मीही तेच विचारलं. हा इंग्रज, पत्रकार, दाढीवाला. १९७७ साली त्यानं जगातल्या बिअरवर मोठं पुस्तक काढलं. त्याच्या आधी लोक देशावरून बिअर ओळखायचे, ह्यानं घराण्यांवरून ओळखायला शिकवलं."

म्युनिकचा भाग काकूंनी मजेत सांगितला. तिथं चेस्टनटच्या झाडांखाली बिअरच्या बागा असतात आणि त्या बागांत घरचा डबा न्यायला परवानगी असते. त्याचं मूळ १८१२ सालचं. कारखानदार आपल्या थंड तळघरांच्या वर झाडं लावून तिथंच बिअर विकू लागले, तेव्हा गावातल्या खानावळवाल्यांनी बोंब मारली. राजा माक्स योसेफनं तोडगा काढला, बिअर खुशाल विका, पण पावाखेरीज खायला काही द्यायचं नाही. मग लोक खाणं घरून आणू लागले. आता बागांत खाणं मिळतं, पण ती रीत टिकली. टेबलावर कापड घातलेलं असेल तर तिथं वाढपी येणार, उघड्या लाकडी टेबलावर तुमचा डबा चालतो.

"मग काय, मी पिशवीतून काढला नाशिकचा चिवडा! वरून कांदा चिरून, लिंबू पिळून. बाजूच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं आधी बघत राहिलं, मग जवळ सरकलं, मग त्यांनी मुळ्याच्या खारवलेल्या चकत्या दिल्या आणि आम्ही चिवडा. लिटर लिटरचे मग, ह्यांचे दोन्ही हात लागत होते उचलायला. वहीत गुण, नऊ! मी म्हटलं, ह्यातले चिवड्याचे किती? चखण्याचे गुण बिअरच्या खात्यात घालायचे नाहीत. सात केले."

त्याच बागेत गव्हाची बिअरही होती. गढूळ, भरपूर फेसाची, वासाला पिकलं केळं आणि लवंग. काकांना वाटलं, आत काहीतरी घातलंय. लेकीनं समजावलं की बव्हेरियात १५१६ साली तिथल्या ड्यूकांनी फर्मान काढलं होतं, बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी सोडून काही घालायचं नाही. गव्हाला नंतर राजघराण्यानंच सूट दिली, कारण त्या धंद्याची मक्तेदारी त्यांच्याकडेच होती. केळं नि लवंग ही त्या यीस्टची करामत. पिकत्या केळ्यात जे सुगंधी द्रव्य तयार होतं तेच हे यीस्ट आंबवताना तयार करतं.

"तशी पुण्यातही मिळते हो," मी बोलून गेले. २००९ साली पुण्यात दूलाली नावाची मायक्रोब्रुअरी निघाली आणि तिथूनच गव्हाची बिअर आपल्याकडच्या पोरापोरींच्या तोंडी बसली.

"तुला गं काय माहीत?" व्हरांड्यातून.

"पेपरात वाचलं, आई."

काकूंनी घाईघाईनं विषय चेक देशाकडे वळवला. शेजारीण असावी तर अशी.

माणशी बिअर पिण्यात चेक लोक कित्येक वर्षं जगात पहिले. तिथं फळ्यावर दहा अंश, बारा अंश असं लिहिलेलं असतं. काकांनी बारा वाचलं आणि बारा टक्के मद्यार्क समजून अर्धा ग्लास मागितला. ते अंश मद्यार्काचे नसतात. आंबवण्याआधी जवाचा जो गोड काढा असतो त्यात साखरेसारखे विरघळलेले पदार्थ शेकडा किती, ते त्या आकड्यातून कळतं. बारा अंशी बिअरमध्ये मद्यार्क साधारण पाच टक्केच भरतो. "पाण्याच्या खात्यात जन्म काढला, द्रावणाचं गणित कळू नये?" असा शेरा काकूंनी तिथल्या तिथं मारला.

पण मोठं भांडण झालं फेसावरून. प्रागमध्ये बिअर आली ती तीन बोटं जाड, ओलसर, सायीदार फेस घेऊन. काकांनी वाढप्याला बोलावलं. फेसाचे पैसे का द्यायचे? मापात पाप! कॉलनीत ग्राहक पंचायतीचं काम करणारा माणूस, सोडणार थोडाच.

"तो वाढपी हसला नाही की चिडला नाही. ग्लासावरची बारीक रेघ बोटानं दाखवली. मापाची रेघ असते गं तिथल्या ग्लासावर, बिअर तिथपर्यंत आणि फेस त्याच्या वर. ह्यांनी चष्मा लावून रेघ तपासली. बरोबर निघाली. मग जावयानं सांगितलं, फेस हे झाकण आहे. खालच्या बिअरला हवा लागू देत नाही, वास धरून ठेवतो. आणि पुढं काय झालं माहितीये? शेजारच्या माणसानं मागवला ग्लासभर नुसता फेस! दूध म्हणतात त्याला तिथं, म्लीको. गोडसर असतो, एका दमात प्यायचा. ह्यांचा जीव कासावीस झाला. म्हणाले, हे लोक फेस विकत घेतात!"

प्रागच्या 'सोनेरी वाघ' नावाच्या जुन्या अड्ड्यावरही जाऊन आले. लेखक बोहुमिल ह्राबाल तिथं रोजचा बसणारा. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी क्लिंटनना तिथंच आणलं होतं, थेट ह्राबालच्या टेबलाशी. ते ऐकून काकांनी बिअर चाखायच्या आधी अर्धा गुण वाढवला. काकूंनी तो कापला. "व्हीआयपी कोटा नाही," म्हणाल्या.

प्लझेनबद्दल बोलताना मात्र काकूंचा सूर बदलला. तिथं १८३८ साली गावकरी एवढे वैतागले होते, की नासलेल्या बिअरची ३६ पिंपं त्यांनी नगरभवनासमोर ओतून दिली. मग नागरिकांनी मिळून नवा कारखाना बांधला आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा तिरसट स्वभावाचा कारागीर आणला. १८४२ च्या ऑक्टोबरात त्यानं पहिला घाणा उतरवला. हलका भाजलेला जव, झाटेत्सच्या भागातले मंद वासाचे हॉप्स, प्लझेनचं अगदी मृदू पाणी आणि थंडीत सावकाश आंबणारं बव्हेरियाचं यीस्ट. बाहेर आली ती स्वच्छ सोनेरी बिअर. तोवर बिअर म्हणजे काळपट, गढूळ असंच समीकरण होतं. आज जगभर जी पिवळी, पारदर्शक, थंड बिअर पितात, आपल्या परमिट रूममधली धरून, तिची वंशावळ तिथं जाऊन पोचते.

"ग्रोलचं काय झालं पुढे?"

"करार संपल्यावर परत गेला गावी. कारखाना मोठा झाला, ह्याचं नाव कुणी घेईना. उतारवयात आपल्याच गावच्या अड्ड्यावर, नेहमीच्या टेबलापाशी प्राण सोडला म्हणतात. असू दे. पण त्याच्या कारखान्याखाली नऊएक किलोमीटरची भुयारं आहेत, कडाक्याची थंडी, मी शाल पांघरून गेले. शेवटी ओकच्या पिंपातून थेट ग्लासात काढून देतात. ना गाळलेली, ना तापवून टिकाऊ केलेली. दोन मिनिटं हे काही बोललेच नाहीत. मी घोट घेतला आणि ग्लास परत दिलाच नाही."

"म्हणजे तीर्थाएवढा नाही," सासूबाईंनी नोंद घेतली.

आणि मग बेल्जियम. ब्रसेल्सच्या आंदर्लेख्त भागात कांतियों नावाचा १९०० पासूनचा कारखाना आहे. बाहेरून बघितलं तर गोदाम. तिथं यीस्ट घालतच नाहीत. उकळलेला काढा माळ्यावरच्या भल्यामोठ्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतलं जे काही त्यात पडेल त्याच्यावर आंबवण सोपवतात. म्हणून ही बिअर फक्त थंडीच्या महिन्यांत करतात, उन्हाळ्यात नको ते जंतू पडतात. मग पिंपांत एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं मुरवायची आणि वेगवेगळ्या वयाची एकत्र करून बाटलीत पुन्हा फसफसू द्यायची. तिला ग्यूझ म्हणतात. चव दात आंबतील एवढी आंबट.

"तिथं कोळ्यांची जाळी काढत नाहीत गं! माझा हात शिवशिवत होता केरसुणीसाठी. पण कोळी माश्या-चिलटं खातात, फळं घालून आंबवलेल्या पिंपांवर चिलटं येतात, म्हणून कोळ्यांना अभय. ह्यांनी ग्यूझला तीन दिले आणि शेरा मारला, 'खराब झालेली'. मी चाळीस दिले. पन्नासपैकी हो, नवा तक्ता. ब्रसेल्समध्येच गव्हाची पांढरी बिअरही चाखली. घोट घेताच मी म्हटलं, ह्यात धने आहेत. जावई म्हणाला, आई, कसं ओळखलंत? वाळवलेली संत्र्याची साल आणि धनेच घालतात ते. ही बिअर बंद पडली होती, साठच्या दशकात पियेर सेलिस नावाच्या माणसानं हुगार्डनमध्ये पुन्हा सुरू केली. पूर्वी दूध घालायचा तो."

"फेसाचं की खरं?"

"खरं गं!"

इथं काकू थांबल्या, मागं वळून काका घरात आहेत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. गप्पांतला मुरंबा आता बाहेर येणार होता.

काकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पहिला नंबर आधीच लिहिलेला होता. पेन्सिलीनं, नाशिकहून निघण्याआधी! बेल्जियमच्या पश्चिम टोकाला वेस्टव्लेटेरेन गावात ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. साधू बिअर करतात, पण मठ चालण्यापुरतीच. मागणी कितीही वाढली तरी उत्पादन वाढवत नाहीत. बाटलीवर कित्येक वर्षं लेबलही नव्हतं, काय आहे ते बुचावरून ओळखायचं. पूर्वी फोन लावून, गाडीचा नंबर नोंदवून, ठरलेल्या वेळी मठाच्या दारात जावं लागे. त्यांची 'बारा' नावाची गर्द तपकिरी, दहा टक्क्यांवर मद्यार्काची बिअर कित्येक वर्षं जगातली सर्वोत्तम म्हणून याद्यांच्या डोक्यावर होती. काकांनी ते वाचून नंबर देऊन टाकला होता.

"मला ते पान दिसलं आणि डोकं फिरलं. परीक्षेआधी निकाल? जावयाला सांगितलं, मठाची बाटली आण आणि त्याच भागातली दुसरी एक आण, सेंट बर्नार्डस. त्याची गोष्ट अशी, की १९४६ ते १९९२ मठाच्या परवान्यानं मठाची बिअर बाहेर हाच कारखाना करत होता. परवाना संपला, मग त्यांनी आपल्या नावानं तशीच बिअर चालू ठेवली. सुपरमार्केटात मिळते, रांग नाही, फोन नाही. दोन सारखे ग्लास घेतले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या. बोर्डात आसन क्रमांक झाकून बारकोड लावतात ना, तसं. मध्ये पाणी आणि साधा पाव, जीभ धुवायला."

"आणि?"

"ह्यांनी डोळे मिटून वास घेतला, मान हलवली, म्हणाले, साधूंची हीच! तपश्चर्या कळते चवीत! पंचेचाळीस दिले. चिठ्ठी काढली, तर सुपरमार्केट!"

मी भिंतीला धरून हसले. सासूबाईंनी तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि त्याही कुंपणापाशी आल्या.

"दुसरी काही वाईट नव्हती गं. मीही दोन्ही चाखल्या, मनुका, खजूर, काळा गूळ, सगळं दोन्हीत होतं. फरक होता, पण नंबर काढण्याएवढा नव्हता. न मिळण्याला जे गुण पडतात ना, ते बिअरचे नव्हेत, आपल्या हावेचे. म्हणून घरी आल्यावर मी आख्खी यादी मोडली. क्योल्शमध्ये क्योल्श, धुराच्यात धुराची, आंबटमध्ये आंबट. प्रकाराप्रकारानं गुण आहेत, सगळ्यांत मिळून पहिला-दुसरा नाही. अहो, बोर्डानंसुद्धा गुणवत्ता यादी केव्हाच बंद केली. तुमची कशाला चालू?"

"पण काकू, आमच्या ह्यांना ऑफिसतर्फे जर्मनीला जायचंय. एकच बिअर घ्यायला सांगायची झाली तर?"

काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. "जिथं असेल तिथली. म्युनिकात क्योल्श मागू नको म्हणावं. हलकीपासून सुरुवात, जड शेवटी. सोबत पाणी. गुण पहिल्या ग्लासाला. आणि आवडली नाही तर लिहून ठेव, का नाही आवडली. तेवढं लिहिलं की निम्म्या वेळा आवडायला लागते. पण जमलं तर प्लझेनला जा. ती तळघरातली गाळलेली नसते, तशी बाहेर टिकायची नाही, म्हणून आपल्याकडे येणार नाही. बाकीच्या येतील कधीतरी बाटलीतून."

"बघा, दिलाच ना पहिला नंबर!" काका मागच्या दारात उभे होते, हातात वही. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. "मी पुनर्मूल्यांकनाला अर्ज करतोय. साधूंच्या बिअरवर अन्याय झालाय."

"आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागावी लागते," काकू कोपरं उचलून म्हणाल्या. "त्याची फी वेगळी, पुनर्मूल्यांकनाची वेगळी."

"किती?"

"पावशेर लसूण सोलून द्या. आणि ती दुसरी फी या वहिनींना द्या, त्यांचे तांदूळ राहिलेत निवडायचे."

सासूबाईंनी लगेच सूप भिंतीवरून पलीकडे दिलं.